बर्फातील धर्मशाळेचे कुत्रे

सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे चित्र कधीच पाहिले नाही असा वाचक विरळाच. शाळेतील इंग्रजी वाचनपुस्तकात, चॉकलेटच्या डब्यावर, परदेशातून आलेल्या एखाद्या नाताळच्या भेटकार्डावर तो कधी ना कधी आपणांस भेटलेला असतो. पांढरे-तांबूस अंग, लोंबते ओठ, काहीसे उदास डोळे आणि गळ्यात ब्रँडीने भरलेले लहानसे लाकडी पिंप, असा त्याचा थाट. पुढ्यात बर्फात अर्धवट गाडला गेलेला वाटसरू. या चित्राने गेली दोनशे वर्षे लहानथोरांना मोहिनी घातली आहे. त्यातील वाटसरू खरा आहे, बर्फ खरे आहे, कुत्राही खरा आहे. पिंप तेवढे खोटे आहे.

ते आले एका चित्रकाराच्या कुंचल्यातून. १८२० साली एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने, विशीही न गाठलेल्या वयात, बर्फात सापडलेल्या प्रवाशाला शुद्धीवर आणणारे दोन कुत्रे रंगविले आणि त्यांपैकी एकाच्या गळ्यात हे पिंप अडकवून दिले. चित्राच्या छापील प्रती दूरवर पोहोचल्या आणि पिंप कुत्र्याला कायमचे चिकटले. बचावकार्याला जाताना कुत्रे अशी पिंपे नेत, याला आधार सापडत नाही. शिवाय थंडीने गारठलेल्या माणसाला मद्य पाजणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. मद्याने कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब आल्याचा भास होतो आणि शरीराच्या गाभ्यातील उष्णता अधिकच वेगाने निघून जाते. वैद्यकाला हे केव्हाचे ठाऊक आहे. पण लोकांना पिंप हवे होते.

पिंपाचा हा पाल्हाळ आम्ही लावला तो अशासाठी की, या कुत्र्याच्या चरित्रात हीच गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते. खरा कुत्रा माणसाला पुरेसा वाटला नाही. आपल्या हौसेचे काहीतरी तो त्याच्यावर लादीत गेला. पिंपाने कुत्र्याचे काही बिघडले नाही. पुढे जे लादले गेले त्याने मात्र पुष्कळच बिघडले.

स्वित्झर्लंडमधील वॅले परगणा आणि इटलीतील आओस्ताचे खोरे यांच्या सीमेवर, आल्प्सच्या कण्यावर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. तिची उंची २,४६९ मीटर. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरांचे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी आठशे मीटरांचा डोंगर ठेवावा तेव्हा या खिंडीची बरोबरी होईल. आणि ही तर त्या पर्वतरांगेतील ओलांडण्याजोगी सखल जागा! रोमन लोक ही वाट वापरीत. येथे त्यांनी ज्युपिटरचे मंदिरही बांधले होते. मध्ययुगात इंग्लंड आणि फ्रान्सकडून रोमला पायी निघालेले यात्रेकरू याच वाटेने आल्प्स ओलांडीत. हिवाळ्यात येथे बर्फाचे थर घराच्या मजल्यांएवढे चढतात, हिमकडे कोसळतात आणि धुके उतरले की हाताला हात दिसत नाही. भरीस भर म्हणून त्या काळी लुटारूंचाही उपद्रव होता.

अकराव्या शतकाच्या मध्यास, १०५०च्या सुमारास, आओस्ता येथील आर्चडीकन बर्नार्ड यांनी या खिंडीच्या माथ्यावर वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. (क्लेअरव्होचे मठाधिपती संत बर्नार्ड ते हे नव्हेत. ते यांच्यानंतर होऊन गेले. नावाच्या साम्यामुळे आपल्याकडे ही गफलत पुष्कळदा होते.) संत ऑगस्टीन यांच्या नियमानुसार राहणारे व्रतस्थ धर्मगुरू, ज्यांना कॅनन म्हणतात, ते ही धर्मशाळा शतकानुशतके चालवीत आले आहेत. जो कोणी दारी येईल त्याच्यात प्रभू येशूला पाहावे, त्याला ऊब, अन्न आणि अंथरूण द्यावे, हे त्यांचे व्रत. येणाऱ्यांत सरदार-दरकदार असत, १८००च्या मे महिन्यात नेपोलियन सुमारे चाळीस हजार सैन्यानिशी येथून गेला. पण बहुतेक वाटसरू साधे होते. कामाच्या शोधात सीमा ओलांडणारे गवंडी, पाठीवर गाठोडे घेतलेले फेरीवाले, मोलमजुरी करून घरी परतणारे बापलेक. ज्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचता आले नाही, त्यांची प्रेते धर्मशाळेजवळच्या एका दगडी खोलीत ठेवीत. जमीन खडकाळ आणि गोठलेली, थडगे खणणार कोठे? ओळख पटवायला कोणी येईल या आशेने ती तेथे वर्षानुवर्षे उभी असत. चार्ल्स डिकन्सने ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत त्या खोलीचे वर्णन केले आहे.

१९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी पट्टीचे गिर्यारोहक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता कुत्र्यांकडे वळू. संत बर्नार्ड यांच्या हयातीत तेथे कुत्रे होते असे दाखविणारी चित्रे आहेत, पण ती नंतरच्या भाविकांची कल्पना. धर्मशाळेत कुत्रे आले ते सहाशे वर्षांनी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १६९५च्या एका चित्रात त्यांच्यासारखा कुत्रा दिसतो आणि १७०७च्या एका नोंदीत त्यांचा पहिला लेखी उल्लेख आढळतो. त्यांचे मूळ कोणी रोमन सैन्याबरोबर आलेल्या दणकट कुत्र्यांत शोधतात, कोणी थेट तिबेटात. हे सारे तर्क. खालच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांकडे असले थोराड कुत्रे सर्रास असत. ते गुरे राखीत, अंगण सांभाळीत, दुधाच्या गाड्या ओढीत. त्यांतलेच काही धर्मशाळेला मिळाले आणि पहारा करू लागले. अठराव्या शतकाच्या आरंभी तर स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई फिरवण्यासाठी एक चाक बसविले होते आणि त्या चाकात कुत्र्याला चालवीत. एवढ्या थोर कुळाचा पूर्वज स्वयंपाक्याचा मदतनीस होता, हे आम्हाला फार आवडते.

बचावाचे काम त्यांना कोणी योजून शिकविले नाही. धर्मशाळेचे वाटाडे हिवाळ्यात वाटसरूंना आणायला-पोहोचवायला खाली उतरत, तेव्हा कुत्रे त्यांच्याबरोबर जाऊ लागले. पुढे चालणाऱ्या कुत्र्याच्या रुंद छातीने भुसभुशीत बर्फात वाट पडते, हे वाटाड्यांच्या ध्यानी आले. धुक्यात माणूस चुकतो, पण कुत्रा घरचा रस्ता चुकत नाही, हेही कळले. मग उमगले ते सर्वांत मोलाचे: बर्फाच्या थराखाली माणूस असेल तर त्याला वास येतो. तरुण कुत्रे जुन्या कुत्र्यांबरोबर जात आणि पाहून पाहून शिकत. माणूस सापडला की एखादा कुत्रा त्याला चिकटून ऊब देत पडून राही, त्याचे तोंड चाटून त्याला जागे ठेवी, आणि दुसरा धर्मशाळेकडे परते, असे सांगतात. दोन शतकांत सुमारे दोन हजार माणसांचे प्राण या कुत्र्यांच्या साहाय्याने वाचले, असा अंदाज दिला जातो.

या साऱ्यांत अजरामर झाला तो बॅरी. तो जन्मला १८०० साली, नेपोलियन खिंड ओलांडून गेला त्याच वर्षी. चाळीसहून अधिक माणसे वाचविण्याचे श्रेय त्याला दिले जाते. वार्धक्य आल्यावर, १८१२ साली, धर्मशाळेच्या प्रमुखांनी त्याला बर्न शहरी पाठविले. तेथे दोन वर्षे विश्रांती घेऊन १८१४ साली तो गेला. कथा मात्र निराळेच सांगते: एकेचाळिसाव्या माणसाने त्याला लांडगा समजून भोसकले. पॅरिसजवळील प्राण्यांच्या दफनभूमीच्या दाराशी त्याचे स्मारक आहे, पाठीवर मूल घेतलेला बॅरी. तेथेही हाच शेवट कोरला आहे. तो खोटा आहे. चांगल्याचा शेवट रक्तबंबाळ झाल्यावाचून आपल्याला गोडी वाटत नाही की काय, कोण जाणे. बॅरी म्हातारा होऊन मेला आणि धर्मशाळेने म्हातारपणी त्याची तजवीज केली, ही गोष्ट आम्हाला त्या कथेहून थोर वाटते. त्याच्यानंतर धर्मशाळेत एक तरी कुत्रा बॅरी नावाचा असावा, असा प्रघात पडला.

त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आजही आहे. हा बॅरी आजच्या सेंट बर्नार्डपेक्षा पुष्कळच लहान होता. वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असावे. आजचा नर साठ-सत्तर किलोंचा सहज भरतो, ऐंशीच्याही पुढे जातो. १९२३ साली ते जीर्ण शरीर नव्याने भरून घेतले, तेव्हा कारागिराने बॅरीची मान उंचावली आणि त्याचे चपटे डोके बदलून तत्कालीन सेंट बर्नार्डसारखे भरदार केले. म्हणजे वंशज पूर्वजासारखे राहिले नाहीत, तेव्हा पूर्वजालाच वंशजांसारखे करून टाकले!

हा पालट झाला कसा, ते थोडक्यात सांगतो. १८१६ ते १८१८ या काळातील हिवाळे फार कडक गेले. हिमकडे कोसळून धर्मशाळेचे पुष्कळ कुत्रे दगावले. पुढील काही दशकांत वंश सावरण्यासाठी न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्यांशी संकर केला. त्यातून लांब केसांची देखणी पिल्ले निपजली. वर थंडी असते, लांब केस बरेच, असे कोणालाही वाटेल. पण लांब केसांत बर्फाचे गोळे अडकून राहत, अंग भिजून जड होई आणि कुत्रा थकून बसे. खिंडीला आखूड, दाट केसांचाच कुत्रा हवा होता. मग लांब केसांची पिल्ले धर्मशाळेने खालच्या खोऱ्यांत देऊन टाकली. जे कामाला नालायक ठरले ते बाजारात लायक ठरले, आणि जगाला सेंट बर्नार्ड म्हणून प्रामुख्याने तेच ठाऊक झाले. १८५५ पासून बर्नजवळ हाइनरिख शूमाखर यांनी जातिवंत पैदास सुरू केली. १८८४ साली स्विस वंशनोंदवही उघडली, तिच्यातील पहिल्या २९ नोंदी याच जातीच्या. तीन वर्षांनी जातीची लक्षणे ठरली. प्रदर्शने भरू लागली, पदके मिळू लागली. आणि पदक मिळे ते अधिक मोठ्या डोक्याला, अधिक थोराड अंगाला.

मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली या जातीच्या ४७ कवट्या मोजून पाहिल्या. त्या सुमारे १२० वर्षांच्या काळातील होत्या. काळ पुढे सरकतो तशी कवटी रुंद होत गेलेली आणि कपाळ व नाक यांमधील कोन तीव्र होत गेलेला त्यांना दिसला. जगण्याच्या धडपडीतून आलेला हा बदल नव्हे. लक्षणांच्या यादीत जे शब्द लिहिले होते, ते माणसाने हाडांत उतरविले. त्याची किंमत कुत्रा मोजतो. खुब्याचे सांधे नीट बसत नाहीत, पापण्या आत वळतात किंवा लोंबतात, हाडाचा कर्करोग आणि हृदयविकार यांचे भय राहते. आठ-दहा वर्षांत आयुष्य संपते.

इकडे खिंडीतही काळ बदलत होता. १८७१ साली फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा फ्रेज्यूचा रेल्वे बोगदा झाला, १८८२ साली गॉटहार्डचा, १९०६ साली सिंप्लॉनचा. पायी आल्प्स ओलांडणारा गरीब मजूर आगगाडीत बसला. १८९७ साली बर्फात गोठू लागलेला एक बारा वर्षांचा मुलगा कुत्र्याने शोधून काढला. नोंदलेल्या बचावांतील तो शेवटचा, असे सांगतात. १९६४ साली खिंडीच्या पोटातूनच मोटारींचा बोगदा निघाला. आता हिमसंकटात हेलिकॉप्टर येते आणि त्यातून उतरणारा कुत्रा हलका, चपळ, निराळ्या जातीचा असतो.

तरी धर्मशाळेने कुत्रे पाळणे सोडले नव्हते. ते सोडण्याचा निर्णय झाला २००४ साली. तेव्हा तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कॅनन उरले होते आणि कुत्रे होते अठरा. एवढ्या थोराड अठरा जनावरांचे खाणे, झाडलोट, फिरवणे, औषधपाणी! कुत्र्यांपायी आपला वेळ दाराशी आलेल्या माणसाला मिळत नाही, असे त्या धर्मगुरूंना वाटले. जगभर हळहळ झाली. वृत्तपत्रांतून टीकाही झाली. आम्हाला हा निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २४१५ ते २४१८ मध्ये, याविषयी नेमके मार्गदर्शन आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, त्यांच्यावर माया करावी. पण जे द्रव्य आधी दुःखी माणसाच्या निवारणासाठी खर्च व्हावे ते त्यांच्यावर उधळू नये, असा त्याचा आशय. कॅननांनी हे पाळले. शिवाय कुत्र्यांनाही वाऱ्यावर सोडले नाही. २००५ साली मार्तिन्यी गावी स्थापन झालेल्या बॅरी प्रतिष्ठानाने त्यांचा ताबा घेतला. तेथे आजही पैदास होते, कुत्र्यांना वृद्धाश्रमांत आणि शाळांत भेटीला नेले जाते, आणि दर उन्हाळ्यात काही कुत्रे वर खिंडीत येऊन राहतात.

ज्यांना वाटले की कुत्रे गेले म्हणजे धर्मशाळेचा आत्मा गेला, त्यांनी मॉरिस तोर्ने यांचे नाव ऐकले नसावे. हे याच धर्मशाळेच्या परिवारातील कॅनन. तेथील धर्मगुरूंनी १९३०च्या दशकात चीन-तिबेटच्या सीमेवर मिशनकार्य हाती घेतले. तेथील एका उंच खिंडीतही अशीच धर्मशाळा बांधावी, असा त्यांचा मानस होता. तोर्ने १९३६ साली तिकडे गेले, पुढे तिबेटातील एका धर्मग्रामाचे प्रमुख झाले, तेथून हाकलले गेले, आणि आपल्या लोकांसाठी दाद मागायला ल्हासाकडे जात असताना ११ ऑगस्ट १९४९ रोजी एका खिंडीत त्यांची हत्या झाली. १६ मे १९९३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

काही वर्षांपूर्वी रोमच्या यात्रेनंतर आमच्या लहानशा गटाला या खिंडीत एक रात्र राहण्याचा योग आला. जुलै महिना होता, तरी सरोवराच्या काठी मळक्या बर्फाचे ढीग पडून होते. कुत्र्यांच्या आवाराबाहेर पर्यटकांची लांब रांग होती. दुकानात खेळण्यातले कुत्रे मांडलेले होते. पिंप नसलेला एकही आम्हाला दिसला नाही. संध्याकाळी तळघरातील प्रार्थनामंदिरात मिस्साला बसलो तेव्हा आम्ही धरून जेमतेम वीस माणसे होती. जेवणाच्या दालनात मात्र साऱ्यांना एकाच प्रेमाने गरम सूप वाढले गेले.

दुपारी कुत्र्यांना जवळून पाहिले. मनुष्याविषयी त्यांना काडीचाही संशय नाही. परक्या पोराने कान ओढला तरी डोळे किलकिले करून पाहतात, एवढेच. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया देवदूत राफाएलबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मुकाट्याने बरोबर चालू लागतो; पवित्र शास्त्रातील तो अनामिक कुत्रा असाच असावा असे वाटून गेले. पण आमच्या मनात राहिली ती निराळीच गोष्ट. भिंतीवरच्या तापमापकात चौदा अंश होते. आम्ही वसईची माणसे लोकरीच्या शाली लपेटून उन्हात उभे होतो, आणि ते कुत्रे जीभ बाहेर काढून भिंतीच्या सावलीला दगडावर पसरले होते.

हे आठवायचे कारण असे की, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने वसईत हा कुत्रा पाळला आहे. मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या वेळी त्याने हट्ट धरला. ‘बीथोव्हन’ नावाचा १९९२चा इंग्रजी चित्रपट त्याने पाहिला होता. वडील परदेशी नोकरीत, पैशाची ददात नाही. पुण्याकडून पिल्लू आले. मुलाच्या आईने हौसेने त्याचे नाव बॅरी ठेवले. बंगल्यातील एक खोली त्याला दिली, तिला वातानुकूलन यंत्र बसविले. पहिले दोन उन्हाळे निभावले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. खोली तापली. बॅरी धापा टाकू लागला, तोंडाला फेस आला, हिरड्या लालभडक झाल्या, मागचे पाय लटपटू लागले. विजेवाचून पंप बंद, टाकी रिकामी. मग वाडीतल्या जुन्या विहिरीवर पोहरा सोडून आम्ही शेजारीपाजारी पाणी शेंदू लागलो. कोणीतरी ओली गोणपाटे पांघरायला आणली, कोणी बर्फाच्या कारखान्याकडे पळाले. गुरांच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून दोन्ही थांबविले. गोणपाटाखाली उष्णता कोंडते आणि बर्फाने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा साध्या पाण्याचा मारा करा आणि जोराने वारा घाला, असे ते म्हणाले. मुलाची आजी पुठ्ठ्याने वारा घालीत, तोंडाने रोझरी म्हणत, दोन तास त्याच्याजवळ बसून होती. बॅरी वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी फारसे बोलत नव्हते. मुलाने एकच प्रश्न विचारला: याला असे किती वेळा होणार?

ज्यांच्या घरी असा कुत्रा आलाच आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. कारण आणलेल्या जिवाची जबाबदारी टाळता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धाप टाकूनच थंड होतो, आणि आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत धापही फारशी कामी येत नाही. तेव्हा त्याला सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावरच फिरवावे. वीज गेली तर काय करायचे, याची तजवीज एप्रिलपूर्वीच असावी. अंगावरचे केस मुळापासून कापून टाकू नयेत, ते उन्हापासूनही राखण करतात. रोज विंचरून आतील मेलेली लव काढावी. पावसाळ्यात केसांखालची कातडी ओली राहून खाज आणि जखमा होतात, गोचिडांपासून ताप येतो, म्हणून अंग कोरडे ठेवावे आणि लसी चुकवू नयेत.

पिल्लू झपाट्याने वाढते, पण ते पटकन मोठे व्हावे म्हणून भरमसाट खाऊ घालू नये. डॉक्टरांना न विचारता कॅल्शियमही देऊ नये. त्याने हाडे बळकट होण्याऐवजी वाकडी होतात. आपल्या घरांतील गुळगुळीत लाद्यांवर त्याचे पाय घसरतात आणि सांधे कायमचे अधू होतात. साध्या काथ्याच्या चटया अंथरल्या तरी पुरे. वर्ष-दीड वर्ष जिने चढवू-उतरवू नयेत.

जेवण दिवसातून दोन-तीन वेळा, थोडे थोडे द्यावे आणि त्यानंतर तासभर धावू देऊ नये. पोट फुगून जठराला पीळ पडणे हा या थोराड जातींचा काळ आहे. कुत्रा अस्वस्थपणे येरझारा घालतो, ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखे टणक लागते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. शस्त्रक्रिया काही तासांत झाली तरच तो वाचतो. आपल्या भागात रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य कोठे आहे, हे पिल्लू आणण्यापूर्वी विचारून ठेवावे. तसा कोणी नसेल तर तेच उत्तर समजावे.

स्वभावाची काळजी नको. तो लेकरांत लेकरू होऊन राहतो. फक्त एवढे लक्षात असावे की सत्तर किलोंचे प्रेम अंगावर धावून आले तर चार वर्षांचे पोर आणि सत्तर वर्षांची आजी दोघेही आडवे होतात. आणि लाळ! पाहुण्यांच्या पांढऱ्या पॅन्टवर, भिंतीवर, पंख्याच्या पात्यांपर्यंत ती उडालेली आम्ही पाहिली आहे. हे कुटुंब घरात सहा पंचे केवळ त्यासाठी ठेवते.

बॅरी आता सात वर्षांचा आहे. मागचे पाय दुखतात म्हणून त्याला पोत्याची झोळी करून अंगणात नेतात. तो मुलगा, आता महाविद्यालयात जाणारा, एका बाजूने धरतो आणि शेजारचा दुसऱ्या. आमच्या धर्मग्रामातील आणखी दोन घरांत असे पिल्लू आणण्याचे घाटत असल्याचे कानावर आले आहे. आम्ही त्यांना नको म्हणून सांगितले; पण आमचे सांगणे त्यांना म्हाताऱ्याची कुरकुर वाटली असावी. तेव्हा त्यांनी निदान एकदा बॅरीच्या घरी जाऊन यावे. मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास.